रुळावरची गाडी आणि रस्त्यावरची गाडी

मुंबईच्या रस्त्यांवरून एके काळी ट्राम धावत असे. ९ मे १८७४ रोजी तेथे घोड्यांनी ओढलेली पहिली ट्राम निघाली. ७ मे १९०७ रोजी विजेवर चालणारी ट्राम सुरू झाली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदराहून दादरकडे शेवटची ट्राम गेली. त्यानंतर मुंबईकर या वाहनाला मुकले. म्हणून तुमच्यापैकी बहुतेकांनी ट्राम केवळ चित्रातच पाहिली असेल. रस्त्याच्या पृष्ठभागाशी अगदी समतल बसविलेले दोन रूळ, वर विजेची तार, आणि त्या रुळांवरून घंटा वाजवीत जाणारा एकदोन डब्यांचा लांबट वाहनविशेष, असे तिचे रूप होते. आगगाडीला स्वतःची वेगळी वाट असते, कुंपण असते, फाटक असते. ट्रामची वाट मात्र भर रस्त्यातून जाते. तिच्या अंगावरून सायकली जातात, मोटारी जातात, माणसेही जातात.

मुंबईसारखीच गोष्ट जगातील पुष्कळ शहरांत घडली. अमेरिकेतील टेक्सस राज्यातल्या ह्यूस्टन शहरात १९४० मध्ये ट्राम बंद पडली. लॉस एंजेलिस शहरात ती ३१ मार्च १९६३ रोजी, म्हणजे मुंबईच्या बरोबर एक वर्ष आधी, थांबली. मोटारी आणि बसगाड्या यांचे ते दिवस होते. आता रुळांचे काम संपले, असेच सर्वांना वाटले.

पण मोटारी वाढत गेल्या, तसतसा मोटारींचाच अडथळा मोटारींना होऊ लागला. रस्ते रुंद करावेत तर ते पुन्हा भरून जात. धुराने शहरांची हवा बिघडली. १९७३ मध्ये खनिज तेलाचे भाव भडकले तेव्हा तर सर्वांचेच डोळे उघडले. पुष्कळ माणसांना एकाच वेळी थोड्या खर्चात नेणारी रुळावरची गाडी पुन्हा आठवली. फक्त आता तिला नवे नाव मिळाले होते. १९७२ च्या सुमारास अमेरिकेत ‘लाइट रेल’ हा शब्द रूढ झाला. लाइट म्हणजे हलकी. लांब पल्ल्याच्या आगगाडीशी तुलना केली म्हणजे ती हलकी. एरवी तिच्या एका गाडीचे वजन चाळीस टनांहून अधिक भरते. नावाला भुलून कोणी तिच्या वाटेत उभे राहू नये! १९७८ मध्ये कॅनडातील एडमंटन येथे, १९८१ मध्ये अमेरिकेतील सॅन डिएगो येथे, १९९० मध्ये लॉस एंजेलिस येथे अशा गाड्या सुरू झाल्या. आणि १ जानेवारी २००४ रोजी ह्यूस्टनमध्ये, जुनी ट्राम बंद पडल्यानंतर तब्बल त्रेसष्ट वर्षांनी, सुमारे १२ किलोमीटर लांबीचा नवा मार्ग मोठ्या थाटाने खुला झाला.

हा थाट फार दिवस टिकला नाही. प्रवासी बसण्यापूर्वीच, चाचणीच्या फेऱ्या चालू असतानाच, गाडीच्या आणि मोटारींच्या टकरी होऊ लागल्या होत्या. पहिल्या वर्षात अशा टकरींची संख्या साठांहून वर गेली. एवढ्याशा १२ किलोमीटरांच्या वाटेवर आठवड्याला एकीहून अधिक टकरी! कोणाच्या मोटारीचे दार चेपले, कोणाची मोटार फिरून भलत्याच दिशेला तोंड करून उभी राहिली, कोणाला रुग्णालयात न्यावे लागले. लोकांनी त्या गाडीला ‘व्हॅम बॅम ट्रॅम’ असे उपहासाचे नाव ठेवले. आपल्याकडे असती तर तिला कोणी ‘धाडधाड ट्राम’ म्हटले असते. चौकशी झाली, तेव्हा जवळजवळ प्रत्येक वेळी दोष मोटारचालकाचा निघाला. कोणी लाल दिवा असताना पुढे गेला होता, कोणी वळण्यास मनाई असलेल्या जागी वळला होता. गाडी तर आपल्या रुळांवरून सरळ चालली होती. रूळ सोडून ती जाणार तरी कोठे?

मग इतके मोटारचालक एकाएकी वेडे का झाले? हाच या पाठातला मुख्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम या दोन वाहनांचे स्वभाव पाहिले पाहिजेत, कारण ती एकाच रस्त्यावरून चालत असली तरी एकाच रीतीने चालत नाहीत.

मोटारीचे चाक रबराचे असते आणि रस्ता खडबडीत डांबराचा असतो. रबर डांबराला घट्ट धरून ठेवते. हे धरून ठेवणे म्हणजेच घर्षण. ट्रामचे चाक पोलादाचे आणि रूळही पोलादाचा, दोन्ही गुळगुळीत. त्यांच्यात घर्षण फारच थोडे. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते, ती तुम्ही पाहिली असेल. ती गाडी मातीच्या वाटेवरून जाताना चाक रुतते आणि बैलांना ओढ लागते. तीच गाडी गुळगुळीत फरशीवर आणली तर दोन माणसेही तिला सहज ढकलतील. पण एकदा ती चालू लागली की थांबवताना मात्र त्यांची तारांबळ उडेल. पोलादी रुळांचा सारा लाभ या थोड्या घर्षणात आहे. एकदा वेग दिला की गाडी थोड्या विजेवर दूरवर जाते. आणि तिचा सारा धोकाही त्यातच आहे. जो तिचा गुण, तोच तिचा दोष.

थोडे गणित करून पाहू. ताशी ४० किलोमीटर वेग म्हणजे दर सेकंदाला सुमारे ११ मीटर. या वेगाने जाणाऱ्या मोटारीच्या चालकाने कोरड्या रस्त्यावर जोराने ब्रेक दाबला, तर ती सुमारे ९ ते १० मीटरांत उभी राहते. शाळेतला एक वर्ग साधारण ८ मीटर लांब धरला, तर एका वर्गाहून थोडे अधिक. त्याच वेगाच्या ट्रामला नेहमीचे ब्रेक लावून थांबवावयाचे तर ४५ ते ५० मीटर अंतर लागते, म्हणजे एका ओळीतले सहा वर्ग. संकटाच्या प्रसंगी वापरावयाचे ब्रेक वेगळे असतात. चालकाने कळ दाबताच गाडीच्या पोटाखालचे विद्युत्चुंबक खाली येऊन रुळांना घट्ट चिकटतात, आणि चाकांपुढे बारीक कोरडी वाळू सोडली जाते, की तिच्यामुळे चाकाला रुळाचा आधार मिळावा. एवढे सारे केले तरी सुमारे २५ मीटर लागतातच. शिवाय या दोन्ही हिशेबांत आपण एक गोष्ट धरलीच नाही. संकट डोळ्यांना दिसल्यापासून हात किंवा पाय हलेपर्यंत जवळजवळ एक सेकंद जातो. त्या एका सेकंदात वाहन आणखी ११ मीटर पुढे गेलेले असते.

मग संकटाचे ब्रेक नेहमीच का लावू नयेत, असे तुम्हांला वाटेल. गाडीच्या आत कितीतरी माणसे उभी असतात. कोणाच्या कडेवर मूल असते, कोणी म्हातारे आजोबा एका हाताने दांडी धरून तोल सावरीत असतात. गाडी एकदम थांबली की ही माणसे पुढे फेकली जातात. मोटारीला वाचविताना गाडीतील माणसे जायबंदी व्हावयाची! ट्रामच्या चालकाला हा निर्णय डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच घ्यावा लागतो.

त्या चालकाची अवस्था आणखी एका कारणाने अवघड असते. मोटारचालक ब्रेक दाबतो आणि त्याच वेळी चक्र फिरवून बाजूलाही होतो. ट्रामच्या चालकापुढे असे चक्रच नसते. वेग वाढविण्याची आणि कमी करण्याची मूठ असते, घंटेची कळ असते, दिव्यांची कळ असते. वळविण्याचे साधन कोणतेच नसते, कारण कोठे वळावयाचे हे रुळांनी आधीच ठरवून टाकलेले असते. समोर एखादी मोटार आडवी आलेली दिसली, तर तो घंटा वाजवितो, ब्रेक लावतो, आणि मग जे होणार ते पाहत बसण्यावाचून त्याला दुसरे काही करता येत नाही. टक्कर झाल्यावर लोक मोटारीभोवती जमतात. काचेमागे बसलेल्या त्या माणसाकडे सहसा कोणी पाहत नाही.

आता मोटारीत बसलेल्या माणसाकडे वळू. त्यासाठी वहीत एक चौक काढा. एक रुंद रस्ता खालून वर जातो आणि दुसरा त्याला आडवा छेदतो. रुंद रस्त्याच्या अगदी मधोमध रुळांच्या दोन जोड्या काढा, एक जाण्याची आणि एक येण्याची. आपल्या देशात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. अमेरिकेत ती उजव्या बाजूने चालतात. म्हणून तुमची मोटार रुळांच्या उजव्या अंगाला काढा आणि तिचे तोंड वर करा. तिला चौकात डावीकडे वळावयाचे आहे. डावीकडे म्हणजे रुळांच्या दोन्ही जोड्या ओलांडून.

अशा वेळी चालक कोठे पाहील? समोरून येणाऱ्या मोटारी त्याला टाळावयाच्या आहेत, म्हणून तो समोर पाहील. ज्या रस्त्यात शिरावयाचे तो रस्ता ओलांडणारी माणसे आहेत काय, म्हणून डावीकडे पाहील. दिव्याकडे पाहील. आणि ट्राम कोठून येत आहे? ती त्याच्याच दिशेने, त्याच्या डाव्या खांद्याच्या मागून येत आहे. तेथे तो पाहत नाही. का पाहावे? जन्मभर ज्या रस्त्यांवर त्याने मोटार चालविली, त्या रस्त्यांवर डावीकडे वळणारी मोटार म्हणजे आपल्या दिशेच्या सर्वांत डावीकडची मोटार. तिच्याही डावीकडून, मागून, तिच्याहून वेगाने काही येत असते, हे त्याने कधी अनुभवलेलेच नाही. त्याच्या आरशातही ती जागा नीट दिसत नाही. दोन्ही वाहने बराच वेळ शेजारी शेजारी सारख्याच वेगाने चालली असतील, तर ट्राम नेमकी त्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात लपून राहते. विजेवर चालत असल्यामुळे तिचा आवाजही फारसा होत नाही. सरळ जाणाऱ्यांसाठी हिरवा दिवा लागतो. वळणाऱ्यांसाठी वेगळा लाल बाण असतो, परंतु शेजारच्या मोटारी पुढे सरकल्या की याचाही पाय आपोआप सैल होतो. ह्यूस्टनच्या फॅनिन रस्त्यावर तर रुग्णालयांच्या परिसरात वळणाऱ्या मोटारींची वाट आणि रूळ एकच ठेवले होते. तेथे येणारी माणसे कोणत्या मनःस्थितीत असतील, याची कल्पना करा. आप्ताला पाहावयास आलेला परगावचा माणूस रुग्णालयाचे नाव शोधीत असतो. आपण रुळांवर उभे आहोत हे त्याच्या ध्यानातही नसते.

हे चित्र आपल्याकडच्या वाहतुकीसाठी काढावयाचे तर ते आरशात पाहिल्यासारखे उलटे होईल. आपण डावीकडून चालतो, म्हणून मधल्या रुळांच्या बाबतीत आपल्याला उजवे वळण घातक ठरेल.

डोळ्यांची आणखी एक फसगत आहे. फार मोठी वस्तू लांबून येत असेल तर ती आहे त्याहून सावकाश येत आहे असे वाटते. उतरणारे विमान आकाशात जवळजवळ तरंगत असल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात ते कोणत्याही मोटारीहून कितीतरी वेगात असते. समोरच्या दिशेने येणाऱ्या ट्रामविषयीही असेच होते. ‘अजून वेळ आहे’ असे चालकाला वाटते. अनेकदा पहिली ट्राम जाऊ देऊन तो पुढे होतो आणि तिच्या आड दडलेली, उलट दिशेची दुसरी ट्राम त्याच्यावर येते.

वर्गात एखाद्या मुलाने एक उदाहरण चुकविले, तर त्याला पुन्हा नीट अभ्यास करावयास सांगावे, हे योग्यच. परंतु अर्ध्या वर्गाने तेच उदाहरण तसेच चुकविले, तर कोणताही समजदार शिक्षक वर्गावर रागावण्यापूर्वी फळ्याकडे वळून पाहतो. उदाहरणच नीट घातले नव्हते की काय? मी आयुष्यभर शाळेत काम केले आहे. मुलांचे दोष मी काही कमी पाहिलेले नाहीत. तथापि एकाच ठिकाणी पुष्कळांनी केलेली एकच चूक ही निराळ्या जातीची असते, असे माझे मत झाले आहे. मोटारचालक दोषी होते हे खरे. नियम त्यांनी मोडला होता. पण ‘दोषी कोण’ एवढेच विचारून जो थांबेल, त्याला पुढच्या आठवड्यात आणखी एक दोषी सापडेल, आणि त्या दोषी माणसाच्या मोटारीत मागे त्याची मुलेही बसलेली असतील.

सुदैवाने वाहतुकीच्या अभियंत्यांनी दुसरा प्रश्नही विचारला. १९९६ मध्ये उत्तर अमेरिकेतील १० शहरांच्या लाइट रेलचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. जेथे गाडी फाटके असलेल्या वेगळ्या वाटेने खूप वेगाने जात होती, तेथे टकरी तुलनेने थोड्या होत्या. जेथे ती शहरातल्या रस्त्यांतून संथपणे जात होती, तेथेच त्या अधिक होत्या, आणि त्यांतही डाव्या वळणाच्या टकरी पुढे होत्या. वेग अधिक म्हणून अपघात अधिक, असे आपण सहज म्हणतो. येथे तसे नव्हते. वाटा एकमेकींना किती वेळा छेदतात आणि छेदताना किती गोंधळ होतो, यावर पुष्कळ अवलंबून होते. अर्थात जेथे वेग अधिक, तेथे झालेली एखादी टक्कर फार भयंकर असते, हेही विसरून चालणार नाही.

उपाय शोधताना चौकच बदलावयास घेतले गेले. काही ठिकाणी डावे वळण साफ बंद केले. काही ठिकाणी रुळांच्या कडेने उंच दगडी किंवा सिमेंटची पट्टी बांधली, म्हणजे मोटारीचे चाक चुकून रुळांकडे गेले तर चालकाला धक्का बसून जाग यावी. ‘वळू नका’ अशी पाटी सदा लावून ठेवली की माणूस ती पाहणे सोडून देतो. घरातल्या भिंतीवरचे घड्याळ रोज टिकटिकते, ते आपल्याला कोठे ऐकू येते? म्हणून ट्राम जवळ येताच उजळणाऱ्या आणि ती गेल्यावर विझणाऱ्या पाट्या निघाल्या. त्यांवर ट्रामचे चित्र असते. जी पाटी आता नव्हती आणि आता लागली, तिच्याकडे डोळा आपोआप जातो. माणसाच्या स्वभावाला धरून केलेली ही युक्ती मला फार आवडते.

ह्यूस्टनमध्ये शहराच्या मध्यभागी आणखी एक प्रयोग झाला. ट्राम चौकात येत असताना चारही बाजूंच्या मोटारींना एकदम लाल दिवा दाखवावयाचा. शेजारचा हलला म्हणून आपण हललो, हा मोह त्याने उरत नाही, कारण कोणीच हलत नाही. यात मोटारींचा थोडा वेळ जातो. मोटारचालक कुरकुर करतात. पण टकरीनंतर तासभर खोळंबलेल्या रस्त्याशी तुलना केली तर हा वेळ फारच थोडा.

लॉस एंजेलिसची अडचण वेगळी होती. तेथून लाँग बीच या गावाकडे जाणारा मार्ग दोन्ही टोकांना रस्त्यातून आणि मधल्या भागात वेगळ्या वाटेने जातो. या मधल्या भागात गाडी ताशी ८० किलोमीटरांहूनही अधिक वेगाने धावते, म्हणून रस्त्यांवर फाटके आहेत. नेहमीच्या फाटकाच्या दोन दांड्या रस्त्याचा अर्धा अर्धा भागच अडवितात, त्या त्या बाजूने येणाऱ्यांपुरता. उरलेली अर्धी वाट मोकळी असते. उतावळी माणसे त्या मोकळ्या वाटेने नागमोडी वळसा घालून फाटकातून पलीकडे जाऊ लागली. त्यांतल्या काहींचा प्राण गेला. मग काही ठिकाणी दोनाऐवजी चार दांड्या बसविल्या, की वळसा घालावयास जागाच राहू नये. येथे एक बारीक विचार करावा लागला. चारही दांड्या एकाच क्षणी खाली आल्या, तर आत शिरलेली मोटार पिंजऱ्यातल्या उंदराप्रमाणे रुळांवरच कोंडली जाईल. म्हणून आत येण्याच्या बाजूच्या दांड्या आधी आणि बाहेर जाण्याच्या बाजूच्या दांड्या किंचित उशिरा पडतात. काही फाटकांवर छायाचित्र टिपणारी यंत्रे लावली. नियम मोडणाऱ्याच्या घरी त्याचे छायाचित्र आणि दंडाची चिठ्ठी जाऊ लागली, तेव्हा वळसा घालणाऱ्यांची संख्या खूपच घटली.

ट्रामच्या शरीरातही सुधारणा होत गेल्या. दोन डबे जोडण्याचा पुढे आलेला पोलादी आकडा मोटारीच्या दारात घुसत असे. पुष्कळ नव्या गाड्यांत तो झाकणाखाली घेतला आहे. पुढचे तोंड असे घडविले की टक्कर झालीच तर मोटार खाली ओढली न जाता बाजूला ढकलली जावी.

सर्वांत निर्धोक उपाय उघडच आहे. रूळ उंच खांबांवर चढवावेत किंवा जमिनीखाली न्यावेत, म्हणजे दोन वाटांची गाठच पडणार नाही. मुंबई, पुणे, नागपूर येथील मेट्रो मुख्यतः अशीच आहे. तिचा मार्ग रस्त्यातील वाहनांना चौकात छेदीत नाही, आणि म्हणून ह्यूस्टनची कहाणी आपल्याकडे घडत नाही. परंतु खांब उभारण्यास आणि भुयार खणण्यास अपार पैसा लागतो. पदपथावरून एक पाऊल उचलले की ट्राममध्ये, ही म्हाताऱ्या माणसांची सोयही त्यात जाते. जिने चढावे लागतात किंवा पाळण्याची वाट पाहावी लागते. म्हणून जगातील कितीतरी शहरांनी सारे जाणूनसवरून ट्राम रस्त्यातच ठेवली आहे.

त्यांतले सर्वांत मोठे उदाहरण ऑस्ट्रेलियातील मेलबर्नचे. इतर शहरांनी रूळ उखडले, तेव्हा या शहराने ते राखले. आज तेथे सुमारे २५० किलोमीटरांचे ट्राममार्ग आहेत. एवढे मोठे जाळे जगात दुसरीकडे नाही. २०११ मध्ये तेथील ट्राम चालविणाऱ्या यारा ट्राम्स या संस्थेने लोकांना सावध करण्यासाठी एक मजेदार चित्र निवडले. चाकांच्या फळीवर स्वार होऊन सुसाट येणारा गेंडा! एका ट्रामचे वजन तीस गेंड्यांएवढे भरते, असे त्या चित्रांतून सांगितले गेले. टन आणि मीटर ज्यांच्या लक्षात राहत नाहीत, त्यांच्याही लक्षात गेंडा राहतो.

परंतु मेलबर्नची खरी गंमत तिच्या वळणात आहे. तेथे वाहने आपल्याप्रमाणेच डावीकडून चालतात आणि ट्रामचे रूळ रस्त्याच्या मध्यभागी असतात. तेव्हा धोका उजव्या वळणाचा. उजवीकडे वळू पाहणारी मोटार एरवी रस्त्याच्या मध्याकडे सरकून थांबली असती, म्हणजे नेमकी रुळांवर. म्हणून शहराच्या मध्यभागातील पुष्कळ चौकांत असा नियम आहे, की ज्याला उजवीकडे वळावयाचे त्याने रस्त्याच्या डाव्या कडेने चौकात शिरावे! ऐकताना हे उफराटे वाटते. तुमच्या वहीतला चौक पुन्हा पाहा. या वेळी मोटार रुळांच्या डाव्या अंगाला, अगदी कडेला काढा. उजवीकडे वळण्याची खूण दाखवीत ती हिरव्या दिव्यावर पुढे जाते, चौकाच्या पलीकडच्या टोकाशी डाव्या कोपऱ्यात थांबते आणि वाट पाहते. आता तिच्या मागून येणारी ट्राम आणि सरळ जाणाऱ्या मोटारी यांपैकी कोणालाच तिची अडचण नाही. थोड्या वेळाने आडव्या रस्त्याचा दिवा हिरवा होतो. त्याच क्षणी या रस्त्याची वाहतूक, ट्रामसह, थांबलेली असते. मग ती मोटार गळाच्या आकड्यासारखे वळण घेऊन रुळांवरून निर्धास्तपणे उजव्या रस्त्याला लागते.

गळाला इंग्रजीत ‘हूक’ म्हणतात, म्हणून या वळणाचे नावही ‘हूक टर्न’ असे पडले आहे. परगावाहून आलेला चालक प्रथम त्या कोपऱ्यात थांबतो, तेव्हा गांगरतो. आपण भर चौकात भलतीकडेच उभे आहोत असे त्याला वाटते. मागे वळून पाहावे, तर त्याच्यामागे आणखी दोन मोटारी त्याच रांगेत शांतपणे दिवा बदलण्याची वाट पाहत असतात, आणि मधल्या मोकळ्या रुळांवरून ट्राम घंटा वाजवीत सरळ निघून जाते.